हात खिशात घाल

बस. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय तुमच्याच बॅचनं मोडलाय. खोक्यावर बस. फोन उलटा ठेव. चहा नंतर.

काल रात्री पावणेअकराला तुझा मेसेज आला. ‘सर, राउटर परत ब्लँक. तिसऱ्यांदा. फर्मवेअर गेलंय. सोसायटीला नवीन घ्यायला सांगतो.’ खाली स्क्रीनचा तिरका फोटो आणि त्याखाली जोडलेले हात. ते जोडलेले हात बघून माझं डोकं फिरलं. तीन वेळा एकच यंत्र कोरं होतं आणि तिन्ही वेळा तू एकच गोष्ट करतोस. एमसीबी पाडायचा, तीसपर्यंत मोजायचं, एमसीबी उचलायचा, कोरं दिसलं की आठवेल तेवढं पुन्हा टाइप करायचं, आणि चिंचपोकळीहून साडेनऊची गाडी पकडायची. याला तू ट्रबलशूटिंग म्हणतोस? आमच्या चाळीत एक काका रेडिओ खरखरला की त्याच्या डोक्यावर थापट मारायचे. त्यांनी त्याचा व्हिजिट चार्ज मात्र कधी लावला नाही.

फोटो काढलास तो स्वतः पाहिलास तरी का? लॉगच्या प्रत्येक ओळीच्या आधी एक चांदणी आहे आणि पुढे तारीख आहे १ मार्च. बाहेर श्रावण चालू आहे, अरे. सिस्कोच्या जुन्या, बॅटरीचं घड्याळ नसलेल्या यंत्रांना वीज आली की ती १ मार्च १९९३ पासून मोजायला लागतात. चांदणी म्हणजे यंत्र सांगतंय की ही वेळ मला कुणी दिलेली नाही, मी आपली मोजतोय. वेळ कुठून घ्यायची ती ओळ कॉन्फिगमध्ये होती आणि ती त्यानं वाचलीच नाही. इतकं सगळं त्या एका फोटोत होतं. तू तो मला पाठवलास, वरनं हात जोडलेस आणि झोपलास.

आता सांग, काय गेलं?

‘सगळं’ हे उत्तर नाही. ‘कॉन्फिग उडालं’ हेही नाही. उडायला ती काय चिमणी आहे? वीज जाऊन आल्यावर यंत्र कुठल्या अवस्थेत परत गेलं, हे आधी बघायचं असतं. मागच्या वर्षीच्या अवस्थेत गेलं, की कारखान्यातनं निघालं त्या दिवशीच्या? मागच्या वर्षीच्या अवस्थेत गेलं तर जतन केलेलं ते नीट वाचतंय, फक्त त्यानंतरचं तुझं काम जतन झालेलं नाही. रोग तुझा, यंत्र ठणठणीत. पार कारखान्याच्या अवस्थेत गेलं तर गोष्ट वेगळी. एक तर जतन करायची जागाच मेलीय, नाहीतर कुणीतरी रीसेटवर बोट ठेवून बसलंय, नाहीतर जागा धडधाकट आहे आणि यंत्राला तिकडं बघू नकोस असं कुणीतरी सांगून ठेवलंय.

बोट ठेवून बसलंय हे मी गमतीनं म्हणत नाहीये. ॲलन-ब्रॅडलीच्या काही इथरनेट कार्डांवर तीन छोट्या फिरत्या चकत्या असतात. त्या ८८८ वर लावून वीज दिली की कार्ड कोरं होतं. पोरं कार्ड कोरं करतात, काम झालं म्हणून झाकण लावतात, चकत्या राहतात ८८८ वरच. मग दर वेळी वीज आली की कार्ड इमानेइतबारे पुन्हा कोरं होतं, आणि पोरं म्हणतात मेमरी खराब. त्याच कंपनीच्या बूटपी टूलनं आयपी दिलास आणि नंतर ‘डिसेबल’चं बटण दाबलं नाहीस, तर बाकी सगळं शाबूत राहून एकटा आयपी जातो, कारण वीज आली की कार्ड पुन्हा पत्ता मागत सुटतं आणि तुझा लॅपटॉप तेव्हा घरी चार्जिंगला असतो. हे सगळं मी शिकवलंय. दुसऱ्या महिन्यात, मंगळवारी. तू खिडकीतनं पुलाकडे बघत होतास.

ड्राइव्हचं तर मला बोलायचंच नाही, पण बोलतो. जुलैमध्ये तक्रार काय होती तुझी? पाण्याच्या पंपाचे ड्राइव्ह जनरेटरच्या चाचणीनंतर जुन्या स्पीडवर जातात. इमारतीची यंत्रं सांभाळणाऱ्या बीएमएसच्या स्क्रीनवरनं तू मोडबसनं पॅरामीटर बदललेस, पंप हळू झाला, तू खूश. बदल बसला कुठं? रॅममध्ये. एबीबीच्या एसीएस ५५० ला १६०७ नंबरचं पॅरामीटर असतं, सेव्ह करण्यासाठी. कीपॅडवरनं बदललेलं ड्राइव्ह स्वतःच जतन करतो, तारेतनं आलेलं करत नाही. सीमेन्सच्या मायक्रोमास्टरला त्याच कामासाठी पी ९७१. आता तू विचारशील की बनवणाऱ्यानं आपोआप सेव्ह का नाही ठेवलं. विचारशील कसला, कधी विचारलंयस? मीच सांगतो. ईईप्रॉमवर लिहिण्याला मर्यादा असते, साधारण १ लाख वेळा. तुझा बीएमएस सेकंदाला एकदा सेटपॉइंट ढकलतो. दिवसाचे सेकंद ८६,४००. कर भागाकार. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत ड्राइव्हची स्मृती झिजून गेली असती. बनवणाऱ्यानं तुझ्यासारख्यांचा विचार करूनच ते कुलूप लावलंय.

आणि तो स्कॅलन्स स्विच. ‘सर, त्याला ऑटोमॅटिक सेव्ह आहे, तरी जातं.’ आहे ना, ऑटोमॅटिक आहे. शेवटच्या बदलानंतर सुमारे १ मिनिटानं ते लिहितं. वर पट्टी येते, इतक्या सेकंदांत जतन होईल अशी, उलटे आकडे मोजत. तू बदल केलास, खात्री करायची म्हणून पाचव्या सेकंदाला एमसीबी पाडलास. खात्री झाली! पट्टी वाचायला इंग्रजी येत नाही असं म्हणायचीही सोय नाही तुला, बायोडेटावर ‘फ्लुएंट’ लिहिलंयस.

पण हे सगळं किरकोळ. ह्याच्यासाठी मी तुला यंत्र काढून इथं गाळ्यावर घेऊन ये म्हटलं नव्हतं.

तू म्हणतोस, ‘सर, राइट मारलं होतं. तिन्ही वेळा.’ आईची शपथ घेऊ नकोस, माझा विश्वास आहे. तू राइट मेमरी मारलीस. ओके असं उत्तरही आलं असेल. माझा राग तिथंच आहे, तो कसा ते आता बघ. कन्सोल केबल लाव. ती नाही, निळी. दे वीज. सेटअप करायचं का विचारतोय, नाही म्हण. आता ‘शो व्हर्जन’. स्पेस मारत मारत खाली ये. शेवटची ओळ वाच, मोठ्यानं.

२१४२.

उजवीकडून दुसरा आकडा?

चार. आणि तिथं काय असायला हवं? शून्य. २१०२. त्या एका चारचा अर्थ असा, की वीज आली की जतन केलेलं कॉन्फिग वाचू नकोस, आहे तसं राहू दे आणि कोरा उठ. हे राउटरनं स्वतःच्या मनानं ठरवलेलं नाही. हा चार तू लिहिलास. फेब्रुवारीत.

आठवलं? जुना ठेकेदार पासवर्ड न देता निघून गेला. तू पासवर्ड मोडलास. चालू होताना ब्रेक दाबलास, रॉममॉनमध्ये गेलास, कॉन्फ-रेग २१४२, रीसेट, कॉन्फिग वर ओढून घेतलंस, नवा पासवर्ड, राइट. आणि पेढे घेऊन इथं आलास. मी पाठ थोपटली, चुकलं माझं, पेढा खाण्याआधी विचारायला हवं होतं की रजिस्टर परत २१०२ केलंस का. डॉक्टर पोट शिवायच्या आधी आतले बोळे मोजतो. तू मोजले नाहीस.

मग मेपर्यंत सगळं सुरळीत, कारण यूपीएस तग धरून होता. दर पहिल्या शनिवारी सोसायटी जनरेटर लावून बघते, चेंजओव्हरच्या वेळी वीज जाते, पण राउटरला पत्ता लागत नव्हता. जूनमध्ये बॅटऱ्या बसल्या. राउटर पहिल्यांदा खरोखर बंद झाला, उठला, त्याला सांगितलं होतं तसं त्यानं कॉन्फिगकडे पाठ फिरवली, आणि कोरा उभा राहिला.

आता नीट ऐक. जूनच्या त्या शनिवारी तू तळघरात पोचलास तेव्हा काहीही हरवलेलं नव्हतं. तीनशेच्या वर ओळी, त्या आधीच्या माणसानं चार वर्षं बसून लिहिलेल्या, जशाच्या तशा एनव्हीरॅममध्ये होत्या. ‘शो स्टार्टअप-कॉन्फिग’ असं टाइप केलं असतंस तर झरझर वरनं खाली गेल्या असत्या तुझ्या डोळ्यांसमोरनं. स्टार्टअपचं रनिंगमध्ये कॉपी करायचं, बंद पडलेले पोर्ट हातानं ‘नो शटडाउन’ करायचे, रजिस्टर २१०२, राइट, संपलं. दहा मिनिटांचं काम. तू काय केलंस? कोरं बघितलंस, घाबरलास, पिंग यावं एवढ्या चाळीस ओळी आठवून टाइप केल्यास आणि राइट मारलंस. त्या तीनशे ओळींवर तुझ्या चाळीस ओळी बसल्या. वीज गेल्यानं काही गेलं नव्हतं. जे होतं ते तू पुसलंस, तेही सेव्ह म्हणून. आणि रजिस्टर तसंच असल्यामुळे जुलैत तुझ्या चाळीस ओळीही कुणी वाचल्या नाहीत, ऑगस्टमध्येही नाहीत. आणि दोष कुणाला? फर्मवेअरला. नाचता येईना अंगण वाकडं, आणि अंगणाची वर्गणी सोसायटीकडनं.

खाली बघू नकोस. अजून संपलेलं नाही.

त्या पुसलेल्या ओळींत काय होतं ते तुला माहीत आहे का? मला अंदाज आहे, कारण असं कॉन्फिग लिहिणाऱ्या माणसाची जात मला ठाऊक आहे. कुठल्या नेटवर्कमधनं पंपांना हात लावता येईल आणि कुठल्यातनं नाही, त्याच्या याद्या असणार त्यात. तुझ्या चाळीस ओळींत एकही यादी नाही, मी मोजलंय. म्हणजे जूनपासून क्लबहाउसच्या वायफायवर बसलेला आठवीतला पोरगा मनात आणलं तर टाकीचा पंप बंद करू शकतो. तुझ्या लेखी काम झालं होतं, कारण पिंग येत होतं.

तू म्हणशील, चूक फेब्रुवारीतली आणि फळ जूनमध्ये, कसं कळणार? अशी चूक झोपून राहते, तेच तर मी घसा कोरडा करून सांगत आलोय. १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई, सगळीकडची वीज एकदम गेली. लोकल जागच्या जागी उभ्या. बाहेरचं ग्रिड कोसळलं तरी शहर वेगळं पडून तगून राहावं म्हणून केलेली आयलंडिंगची व्यवस्था, तीही त्या दिवशी उभी राहिली नाही. तू तेव्हा बारावीत असशील, तुला ऑनलाइन लेक्चर बुडाल्याचा आनंद झाला असेल. मला दुपारपासून फोन यायला लागले. वीज आली होती आणि यंत्रं परत येत नव्हती. वर्षानुवर्षं एकदाही बंद न झालेले स्विच, गेटवे, पीएलसी त्या दिवशी पहिल्यांदा बंद झाले, आणि ज्यानं ज्यानं कधी काळी सेव्ह करायचं ठेवून दिलं होतं त्याचा हिशेब एकाच सकाळी बाहेर आला. कुणाची पीएलसीची बॅटरी केव्हाच मेलेली, पॅनेलवरचा लाल दिवा बघायची सवय झालेली. कुणाचं राइट राहिलेलं. रात्री अकरापर्यंत मी फोनवर एकच वाक्य बोलत होतो, आधी काही टाइप करू नका. नंतरच्या प्रत्येक बॅचला पहिला धडा तोच दिला. तुमच्याही बॅचला.

ज्या तळघरात तू एमसीबी पाडत बसतोस, तिथं वर काय होतं माहीत आहे? गिरणीचं साचेखातं. माझे वडील तिथं डॉबीच्या साच्यावर होते. मी लहान असताना डबा घेऊन जायचो, तेव्हा आत शिरलं की कान बंद व्हायचे. साच्याच्या डोक्यावर लाकडी पट्ट्यांची साखळी फिरायची, पट्ट्यांना भोकं, भोकांत खुंट्या. जिथं खुंटी तिथं वई उचलायची, नाही तिथं नाही. साडीच्या काठाची सगळी नक्षी त्या खुंट्यांत. वीज गेली की साचा मधेच थांबायचा. वीज आली म्हणून वडील लगेच खटका ओढत नसत. आधी कापडाच्या कडेला बोट लावून शेवटचा धागा कुठला पडला ते बघायचे, डॉबी हातानं मागे फिरवून नेमक्या त्या पट्टीवर आणायचे, मगच सुरू. नाहीतर कापडावर आडवी रेघ उठायची आणि पगारातनं कापायचे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, साचे थांबले. बऱ्याच वर्षांनी भंगारवाले आले तेव्हा मी वडिलांना घेऊन गेटवर गेलो होतो. ट्रकमध्ये त्या पट्ट्या पडलेल्या होत्या, खुंट्यांसकट. वडिलांनी एक उचलली, बोटं फिरवली आणि म्हणाले, ‘धोतराचा काठ आहे.’

ते चौथी शिकलेले होते. थांबलेलं यंत्र कुठल्या जागी थांबलंय हे बघितल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, एवढं त्यांना कळत होतं. तुझ्याकडे डिप्लोमा आहे.

आणि आळशी तू नाहीस, त्याचंच मला दुःख आहे. चिंचपोकळीच्या चिंतामणी गणपतीच्या आगमनाच्या आधी तुला मी बघतो ना. १९२० सालचं मंडळ, चार पिढ्यांनी सांभाळलेलं, तिथं तू रात्र रात्र जागतोस. मंडप सोडताना प्रत्येक बांबूवर खडूनं नंबर घालतोस, पुढच्या वर्षी तो त्याच जागी लागावा म्हणून. लायटिंगच्या वायरला चिकटपट्टी लावून त्यावर पेननं लिहितोस. मी विचारलं होतं तर म्हणालास, ‘सर, पुढच्या वर्षी मी नसलो तर?’ हे वाक्य तुझं आहे. मंडपाला लागू आणि लोकांच्या पाण्याच्या पंपाला नाही? पॅनेलच्या दारात एक वही लटकवायला किती पैसे पडतात? तीस रुपये. तिच्यात फेब्रुवारीची एक ओळ असती, ‘पासवर्ड बदलला, रजिस्टर २१४२ केलं’, तर पुढची ओळ तुझ्या हातानं आपोआप लिहिली गेली असती, किंवा रिकामी राहिलेली जागा तरी तुझ्याकडे बघत बसली असती.

वही आणली नसशीलच. तिथं फळीवर आहे, घे. लिही.

रजिस्टर २१०२ करायचं, आत्ता, माझ्यासमोर. मग ‘शो व्हर्जन’ पुन्हा बघायचं. पुढच्या रीलोडला २१०२ होईल असं कंसात आलं पाहिजे. ते आलेलं तू वाचायचंस, मी नाही.

जुनं कॉन्फिग मिळणार नाही असं धरून चाल, पण शोध. जुन्या ठेकेदाराला फोन कर. पासवर्डसाठी भांडलात तेव्हाचं विसर, तू चुकलास हे सांगून माग. माणसं अशा वेळी देतात. त्यानं नाहीच दिलं तर स्विच बोलतील. कुठल्या पोर्टवर कुठलं यंत्र आहे ते त्यांच्या मॅक टेबलात आहे, कुणाचा पत्ता काय ते एआरपीत आहे. ड्राइव्ह आणि मीटर कुणाला डीफॉल्ट गेटवे मानतात ते त्यांच्या स्वतःच्या कीपॅडवर दिसेल. सात पंप आहेत, सातही पॅनेल उघड. एकेक ओळ परत उभी कर. पंपांच्या याद्या आधी, बाकीचं मागनं. आणि याद्या लागेपर्यंत क्लबहाउसची केबल राउटरमधनं काढून ठेव. सेक्रेटरी ओरडतील, ओरडू देत. का काढली ते त्यांना तू सांगायचंस, खरं सांगायचंस, फर्मवेअर हा शब्द न वापरता.

कॉन्फिगची एक प्रत लॅपटॉपवर, एक सोसायटीच्या ऑफिसात पाकिटात, वर तारीख. ड्राइव्हला १६०७. यूपीएसच्या बॅटऱ्यांचं कोटेशन दे, राउटरचं नको.

लिहिलंस? दाखव. ‘बॅटरी’ला अनुस्वार नसतो.

येत्या शनिवारी जनरेटरची चाचणी नाही, मला माहीत आहे. मी मॅनेजरशी बोलून लावून घेतलीय. दहा वाजता मी तळघरात असेन. एमसीबी मी पाडणार, उचलणारही मीच. तू शेजारी उभा राहायचंस, हात खिशात घालून, आणि कन्सोलवर जे जे येईल ते मला वाचून दाखवायचंस, पहिल्या ओळीपासून.

आता उठ, चहा टाक. साखर कमी. आणि जाताना त्या स्टुलाला एक खिळा मार.